विश्लेषण : द्राक्षबागांमधून सायकली, पण गाड्यांची वर्दळ नाही… फ्रान्सने हे जाळे कसे विणले?

ल्वार नदीचा काठ, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, लांबवर एखादा राजवाडा आणि रस्त्यावर एकही मोटार नाही. फ्रान्समधील सायकल पर्यटनाची अशी छायाचित्रे आणि चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत दिसतात. युरोप सहलीची आखणी करणारे अनेक भारतीयही आता ‘दोन-चार दिवस सायकलवर’ असा टप्पा त्यात घालू लागले आहेत. मात्र फ्रान्समधील प्रत्येक सायकल मार्ग वाहनमुक्त नसतो. हे मार्ग केवळ पर्यटकांसाठी बांधलेले नाहीत. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे, बोटी ओढण्याच्या जुन्या वाटांचे आणि पूर अडवणाऱ्या बांधांचे पुढे काय करायचे, या प्रश्नाचे ते फ्रान्सने शोधलेले उत्तर आहे. ते उत्तर कितपत जमले, कोठे अडले आणि जाणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, याविषयी…

‘वाहनमुक्त’ मार्ग म्हणजे नेमके काय?

फ्रान्समध्ये दोन शब्द कायम एकमेकांत मिसळले जातात. पहिला ‘व्ह्वा व्हर्त’, म्हणजे हरित मार्ग. दुसरा ‘व्हेलोरूत’, म्हणजे सायकल मार्गिका. हरित मार्गाची व्याख्या २००४ मध्ये फ्रेंच वाहतूक संहितेत आली. मोटार नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखून ठेवलेला मार्ग, असा तिचा अर्थ. येथे मोटार किंवा मोटारसायकल चालत नाही. निळ्या चौकोनी फलकावर पादचारी आणि सायकलस्वाराचे चित्र दिसले की तो हरित मार्ग समजावा.

व्हेलोरूतचे तसे नाही. हा शेकडो किलोमीटरचा, सलग फलक लावलेला प्रवासमार्ग असतो. त्यात काही टप्पे हरित मार्गाचे, काही शहरातील सायकल पट्ट्यांचे आणि बरेचसे कमी रहदारीच्या गावरस्त्यांचे असतात. कमी रहदारी म्हणजे शून्य रहदारी नव्हे. एखाद्या रस्त्यावर तासाभरात चार गाड्या जातील. त्यातली एक द्राक्षबागेतला ट्रॅक्टर असेल आणि दुसरी ब्रेडवाल्याची व्हॅन. सराईत सायकलस्वाराला त्याचे काही वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या आई-वडिलांसाठी मात्र हा फरक मोठा असतो. त्यामुळे एकूण लांबी किती यापेक्षा त्यातील हरित मार्ग किती, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

इलेक्ट्रिक सायकलींनाही या मार्गांवर परवानगी आहे, पण एका मर्यादेत. मोटारची क्षमता २५० वॉटपर्यंत, मदत फक्त पायडल मारत असताना आणि ताशी २५ किमी वेग गाठला की मोटार बंद, असे असेल तर ती युरोपीय नियमांनुसार सायकलच ठरते. ताशी ४५ किमीपर्यंत मदत करणाऱ्या सायकली मोपेडच्या वर्गात मोडतात. त्यांना हरित मार्गावर प्रवेश नाही.

सुरुवात कोठून झाली?

फ्रान्समध्ये १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे खेडोपाडी पोहोचली. तत्कालीन सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या १८७९ च्या योजनेने लहान गावांपर्यंत रूळ नेण्याला मोठी गती दिली. त्यातील अनेक मार्गांवर पुरेसे प्रवासी कधीच नव्हते. बस आणि मोटारी आल्यावर तर ते तोट्यात गेले. १९३८ मध्ये एसएनसीएफ या राष्ट्रीय रेल्वे कंपनीची स्थापना झाली, त्याच सुमारास अशा कित्येक मार्गांवरील प्रवासी गाड्या बंद करण्यात आल्या. पुढच्या दशकांत आणखी मार्ग बंद झाले. रूळ उखडले गेले, स्थानके विकली गेली आणि मागे उरली खडी टाकलेली अरुंद, लांबलचक सरकारी जमीन.

या जमिनीचा सायकलींसाठी उपयोग करण्याचे पहिले ठळक उदाहरण बर्गंडीतील सोन-ए-ल्वार या जिल्ह्याने घालून दिले. १९९७ मध्ये जिव्री ते क्लुनी हा ४४ किमीचा जुना रेल्वेमार्ग हरित मार्ग म्हणून खुला झाला. क्लुनी येथे इसवी सन ९१० मध्ये स्थापन झालेला प्रसिद्ध मठ आहे, तर जिव्रीच्या परिसरात द्राक्षबागा. हा मार्ग पुढे दक्षिणेकडे वाढवण्यात आला, तेव्हा वाटेत आला ब्वा-क्लेर हा सुमारे १.६ किमी लांबीचा रेल्वे बोगदा. आता त्यातून सायकली जातात, पण वर्षभर नाही. हिवाळ्यात बोगद्यात वटवाघळे शीतनिद्रा घेतात. त्या काळात तो बंद ठेवला जातो आणि सायकलस्वारांना टेकडीवरून वळसा घ्यावा लागतो.

१९९८ मध्ये फ्रेंच सरकारने सायकल मार्ग आणि हरित मार्गांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर केला. २०१० मध्ये तो विस्तारण्यात आला. तुटक प्रयोगांना जोडणारा नकाशा यातून तयार झाला. पुढे याच नकाशातील अनेक मार्ग ‘युरोव्हेलो’ या युरोपव्यापी जाळ्याचा भाग बनले. या जाळ्याचे समन्वयन युरोपियन सायकलिस्ट फेडरेशन ही संस्था करते.

रेल्वे, कालवा आणि बांध… चढ का लागत नाही?

हे मार्ग लोकप्रिय होण्याचे मोठे कारण अभियांत्रिकीत आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. त्यामुळे रेल्वेमार्ग आखताना चढ साधारण २ ते ३ टक्क्यांच्या आत ठेवला जाई. त्यासाठी डोंगर कापला, भराव घातला, पूल बांधले, बोगदे खणले. हा सगळा खर्च १९व्या शतकातच होऊन गेला. आज सायकलस्वार त्याचा फायदा घेतो आहे.

साधी आकडेमोड करून पाहू. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून वजन १०० किलो आणि वेग ताशी १५ किमी धरला, तर वारा नसताना सपाट रस्त्यावर साधारण ४५ ते ५० वॉट शक्ती लागते. म्हणजे रमतगमत पायडल मारणे. २ टक्के चढ लागला की हा आकडा १३० वॉटच्या आसपास जातो. दम लागतो, पण नियमित चालणाऱ्या माणसालाही जमते. ६ टक्के चढावर तोच वेग राखायचा तर सुमारे २९० वॉट लागतात. ते बहुतेकांना काही मिनिटांपलीकडे शक्य नाही. गावरस्त्यावर ६ टक्के चढ सहज येतो. जुन्या रेल्वेमार्गावर तो येतच नाही.

कालव्यांचे गणित आणखी सोपे. कालव्यातील पाणी सपाट असते. उंची बदलते ती फक्त लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या जागी. इंजिने येण्यापूर्वी घोडे किंवा माणसे काठावरून दोर लावून बोटी ओढत. त्यासाठी काठाने सलग वाट लागे. फ्रेंच कायद्यानुसार नौकानयनाच्या पाण्याकाठच्या जमीनमालकाला बोटी ओढण्याच्या वाटेसाठी ७.८० मीटर पट्टा मोकळा सोडावा लागतो. घोडे गेले, वाट राहिली.

तिसरा प्रकार नदीच्या बांधांचा. ल्वार ही लहरी नदी. मध्ययुगापासून तिच्या काठाने मातीचे बांध घालण्यात आले आणि शतकानुशतके ते वाढवले गेले. तरीही १८४६, १८५६ आणि १८६६ अशा तीन मोठ्या पुरांनी ते फोडले. आज ल्वारकाठच्या सायकल मार्गाचे बरेच टप्पे या बांधांवरून किंवा त्यांच्या पायथ्याने जातात. बांधावरून एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला गाव खोलगट जागी दिसते, तेव्हा बांध कशासाठी आहे ते न सांगता कळते.

ल्वार खोऱ्याचा मार्ग इतका प्रसिद्ध का?

‘ला ल्वार आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किमीचा मार्ग नव्हेर शहराच्या परिसरातून निघून अटलांटिक किनाऱ्यावरील सँ-ब्रेव्हाँ-ले-पँ येथे संपतो. तो अटलांटिक ते काळा समुद्र जोडणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मार्गाचा भाग आहे. ओर्लेआँ, ब्ल्वा, तूर, सोम्युर, आँजे, नाँत ही शहरे वाटेत येतात. सुली-सुर-ल्वार ते शालोन या दरम्यानच्या खोऱ्याला युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. शाँबोर, आंब्वाझ, व्हिलाँद्री हे राजवाडे याच टापूतले. लिओनार्दो द व्हिंची यांनी अखेरची वर्षे आंब्वाझ येथे काढली आणि १५१९ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. शाँबोर राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले तेही याच वर्षी.

हा मार्ग वाइनच्या दृष्टीनेही ओळखीचा वाटेल. नाशिक परिसरात ‘शेनिन ब्लां’ आणि ‘सोव्हिन्यों ब्लां’ या द्राक्षजातींच्या पांढऱ्या वाइन बनतात. यातील शेनिन ब्लां ही मुळात ल्वार खोऱ्याची. तूरजवळच्या व्हूव्रे गावाची ओळख तिच्यामुळेच आहे. सोव्हिन्यों ब्लांसाठी ल्वारच्या वरच्या टप्प्यातील साँसेर हे गाव प्रसिद्ध आहे. नदी समुद्राला मिळण्याआधी नाँतच्या परिसरात म्युस्कादे ही वाइन बनते. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना नदी एकच, पण दर दोन दिवसांनी द्राक्षे बदलतात.

मात्र ९०० किमीचा हा मार्ग सलग वाहनमुक्त नाही. त्याचा मोठा भाग कमी रहदारीच्या रस्त्यांवरून जातो. दिशेचाही प्रश्न आहे. नदी पश्चिमेला वाहते म्हणून तिकडे जाणे सोपे, असा समज असतो. पण नव्हेरपासून समुद्रापर्यंतचा उतार शेकडो किलोमीटरवर विभागलेला असल्याने पायांना तो जाणवत नाही. जाणवतो तो वारा. अटलांटिककडून येणारे वारे बहुधा पश्चिमेचे असतात. त्यामुळे समुद्राकडून आतल्या भागाकडे येणे अनेकदा सोपे पडते.

द्राक्षबागांमधून जाणारे मार्ग कोणते?

बर्गंडीत बोन ते साँत्ने हा सुमारे २२ किमीचा ‘व्ह्वा दे व्हिन्य’, म्हणजे ‘द्राक्षबागांची वाट’ सर्वात प्रसिद्ध. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिन्यी-मोंराशे ही वाइनच्या बाटल्यांवर वाचलेली नावे येथे गावांच्या पाट्यांवर दिसतात. येथील बागा शेकडो वर्षांपासून लहान-लहान तुकड्यांत विभागलेल्या आहेत. माती, उतार आणि ऊन यानुसार प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव आहे. अशा १,२४७ तुकड्यांचा हा प्रदेश २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. पण हा मार्ग हरित मार्ग नाही. तो शेतकऱ्यांच्या बागेतील रस्त्यांवरून जातो. त्या रस्त्यांवर पहिला हक्क ट्रॅक्टरचा. विशेषत: सप्टेंबरच्या आसपास द्राक्षतोडणीच्या काळात येथे शेतीच्या वाहनांची वर्दळ वाढते.

जर्मनीच्या सीमेलगतच्या अल्सासमध्ये मार्लेनहाइम ते तान असा द्राक्षबागांचा सायकल मार्ग आहे. तो व्हॉज पर्वताच्या पायथ्याने जातो. गावे देखणी, पण जमीन खाली-वर आहे. येथे गिअर हवेत आणि मांड्यांत ताकदही हवी.

बोर्दोजवळ मात्र खरा वाहनमुक्त पर्याय मिळतो. शहराबाहेरून निघून सोव्हतेर-द-ग्विएनपर्यंत जाणारा मार्ग ‘आँत्र-द-मेर’ या वाइन प्रदेशातील जुन्या रेल्वेवरून जातो. त्याला रोजे लापेबी यांचे नाव देण्यात आले आहे. लापेबी यांनी १९३७ मध्ये टूर द फ्रान्स जिंकली. साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलर गिअरला त्या स्पर्धेत त्याच वर्षी परवानगी मिळाली. त्याआधी चढ आला की खेळाडूंना उतरून मागचे चाक काढून उलटे बसवावे लागे.

ऱ्होन आणि ‘कनाल द्यु मिदी’चे काय?

जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा ‘व्हिया ऱ्होना’ हा ८१५ किमीचा मार्ग लिऑन, व्हालाँस, अव्हिन्यों या शहरांजवळून जातो. तँ-लेर्मिताज येथे नदीकाठच्या उभ्या उतारावरील द्राक्षबागा दिसतात. ऱ्होनवर जलविद्युत धरणे आणि बाजूचे कालवे बांधण्यात आले. त्यांच्या देखभालीसाठीचे सपाट रस्ते आता अनेक ठिकाणी सायकलस्वारांच्या उपयोगी पडतात. येथे दिशा मात्र जपून निवडावी लागते. ‘मिस्त्राल’ हा उत्तरेकडून येणारा जोरदार वारा पाठीशी असेल तर प्रवास सुखाचा. समोरून असेल तर सपाट रस्ताही घाट वाटतो.

दक्षिणेतील ‘कनाल द्यु मिदी’ हा अभियांत्रिकीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ नंतर काम सुरू केले आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. त्याच्या आदल्या वर्षी रिके यांचे निधन झाले होते. तुलूझ ते भूमध्य किनारा असा हा २४० किमीचा कालवा. त्याचा सर्वोच्च बिंदू नोरूझ येथे १८९ मीटरवर आहे. खरा प्रश्न होता तो एवढ्या उंचीवर पाणी कोठून आणायचे. रिके यांनी काळ्या डोंगरातील ओढे अडवून, सँ-फेरेओल येथे जलाशय बांधून ते पाणी नोरूझपर्यंत आणले. तेथून ते दोन दिशांना वाहते. १९९६ मध्ये हा कालवा जागतिक वारसा ठरला.

तुलूझपासून पूर्वेकडे सुमारे ५० किमीपर्यंत कालव्याकाठची वाट डांबरी आणि उत्तम आहे. त्यापुढे अनेक टप्पे मातीचे, झाडांच्या मुळांनी उचललेले आणि पावसात चिखलाचे आहेत. बारीक टायरची सायकल येथे उपयोगाची नाही. तुलूझच्या दुसऱ्या बाजूला बोर्दोच्या दिशेने जाणाऱ्या गारॉन कालव्याचा काठ मात्र बराचसा पक्का आहे. नवख्यांनी सुरुवात करायची तर हा टप्पा अधिक सोयीचा.

मिदी कालव्यावर आणखी एक संकट आहे. काठावरील प्लेन वृक्षांच्या रांगा ही त्याची ओळख. अशी सुमारे ४२ हजार झाडे होती. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीजन्य रोग आढळला. त्यावर उपाय नसल्याने रोगट झाड आणि त्याच्या आसपासची झाडे तोडून जाळावी लागतात. आजवर हजारो झाडे गेली. वेगवेगळ्या जातींची नवी झाडे लावली जात आहेत, पण त्यांची सावली पडायला काही दशके लागतील. दक्षिण फ्रान्समधील उन्हाळा दिवसेंदिवस तापत असताना हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. भर दुपारी उघड्या काठाने सायकल चालवणे धोक्याचे ठरू शकते.

गावांना यातून काय मिळते?

मोटारीने फिरणारा पर्यटक दिवसाला ३०० किमी जातो आणि मोठ्या शहरात मुक्काम करतो. सायकलवरचा माणूस दिवसाला ४० ते ६० किमी जातो. त्याला वाटेत जेवावे लागते, पाणी लागते, पंक्चर काढावे लागते आणि जेथे संध्याकाळ होईल तेथे राहावे लागते. ज्या गावात एरवी कोणी थांबले नसते, तेथे तो थांबतो. डिकी नसल्याने तो किराणाही सोबत घेऊन येत नाही. रोज गावातच विकत घेतो. लोकसंख्या घटत चाललेल्या गावांत एखादे बेकरीचे दुकान किंवा कॅफे टिकण्यासाठी उन्हाळ्यातील एवढे गिऱ्हाईकही महत्त्वाचे असते.

यासाठी ‘अक्की व्हेलो’, म्हणजे ‘सायकलस्वारांचे स्वागत’ ही मान्यता देण्यात येते. सायकल मार्गापासून पाच किमीच्या आत असलेली हॉटेले, घरगुती निवास, तंबूतळ, दुरुस्तीची दुकाने आणि पर्यटनस्थळे ती मिळवू शकतात. निवासासाठीच्या अटी अगदी व्यवहारातल्या आहेत. सायकल ठेवायला कुलपाची सुरक्षित जागा हवी, दुरुस्तीची अवजारे हवीत, भरपेट न्याहारी हवी, कपडे धुण्या-वाळवण्याची आणि सामान पुढच्या मुक्कामी पाठवण्याची सोय हवी.

मग अडचण कोठे आहे?

पहिली अडचण पैशांची. हे मार्ग बांधण्याचा आणि सांभाळण्याचा भार मुख्यत: प्रादेशिक परिषदा, जिल्हे आणि स्थानिक संस्था उचलतात. केंद्र सरकार त्यात भर घालते. मे २०२३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांच्या सरकारने २०२७ पर्यंत सायकल आणि पायी चालण्यासाठी दोन अब्ज युरोंची योजना जाहीर केली. पण पुढच्याच अर्थसंकल्पांत काटकसरीच्या रेट्यात या निधीला मोठी कात्री लागली. त्याच्या भरवशावर कामे आखलेल्या स्थानिक संस्था अडचणीत आल्या.

दुसरी अडचण तुटक दुव्यांची. ५० किमी हरित मार्ग, मग ३ किमी ट्रकच्या रस्त्यावरून, मग पुन्हा ४० किमी हरित मार्ग, असे झाले तर नकाशावर तो ९३ किमीचा मार्ग दिसतो. पण लहान मुले, ज्येष्ठ नागरिक किंवा नवखे सायकलस्वार त्या तीन किलोमीटरमुळे तो निवडतच नाहीत. हेच तीन किलोमीटर बहुधा सर्वात महागडे असतात. तेथे पूल बांधावा लागतो, खासगी जमीन घ्यावी लागते किंवा महामार्ग ओलांडावा लागतो. निधी कमी झाला की सोपे टप्पे पूर्ण होतात आणि नेमके हे दुवे मागे राहतात.

तिसरा आक्षेप रेल्वेप्रेमींचा. बंद मार्गावर डांबर पडले की तेथे पुन्हा रेल्वे येण्याची शक्यता संपते, असे त्यांचे म्हणणे. हवामान बदलाच्या काळात गावांना सायकल मार्गापेक्षा रेल्वेची गरज अधिक आहे, हा युक्तिवाद सहज झटकता येणारा नाही. हरित मार्गाच्या समर्थकांचे उत्तर असे की, सलग वापर राहिला तर पट्टा एकसंध राहतो. नाही तर तो तुकड्या-तुकड्यांनी विकला जातो आणि मग रेल्वेही येत नाही, सायकलही नाही.

वाइन चाखून सायकल चालवता येते का?

कायदा येथे स्पष्ट आहे. रक्तातील अल्कोहोलची मर्यादा मोटारचालकाला जेवढी, तेवढीच सायकलस्वाराला, म्हणजे प्रतिलिटर ०.५ ग्रॅम. ती ओलांडली तर १३५ युरो दंड होऊ शकतो आणि प्रमाण अधिक असेल तर प्रकरण न्यायालयात जाते. वाइन चाखण्याच्या ठिकाणी घोट तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरणे अजिबात असभ्य मानले जात नाही. बाटल्या विकत घ्यायच्या असतील तर अनेक ठिकाणी घरपोच पाठवण्याची सोय असते. मात्र भारतात पाठवण्यासाठी सीमाशुल्काचा हिशेब आधी करावा.

इतरही नियम आहेत. १२ वर्षांखालील मुलांना २०१७ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. गावाबाहेर रात्री किंवा अंधूक उजेडात चकाकते जॅकेट घालणे बंधनकारक आहे. पुढे-मागे दिवे, परावर्तक आणि घंटी लागते. सायकल चालवताना कानात इअरफोन घालणे किंवा हातात मोबाइल धरणे हा गुन्हा आहे. वाहतूक उजव्या बाजूने चालते. शिवाय फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम आपल्याकडून जाणाऱ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

भारतातून जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

फ्रेंच सायकल प्रवासाशी आपला संबंध नवा नाही. १८९१ मध्ये सुरू झालेल्या आणि आता दर चार वर्षांनी होणाऱ्या ‘पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ या सुमारे १,२०० किमीच्या मोहिमेत गेल्या काही वेळा भारतातून शेकडो सायकलस्वार सहभागी झाले आहेत. पण तेथे ९० तासांची कमाल मर्यादा, चढ-उतार आणि रात्रीचे जागरण असते. नदीकाठचा प्रवास त्याच्या अगदी उलट आहे. त्यासाठी ‘ब्रेव्हे’ करण्याची तयारी लागत नाही. रोज ४० किमी सलग दोन-तीन दिवस चालवून पाहिले आणि बसायला त्रास झाला नाही, तर एवढा सराव पुरेसा आहे.

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. विमा घेताना सायकल चालवताना होणारी दुखापत त्यात येते का, ते वाचून घ्यावे. सायकल भारतातून नेण्यापेक्षा तेथे भाड्याने घेणे बहुतेकांना सोपे पडते. मोठ्या मार्गांवर एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करण्याची सोय असलेले व्यावसायिक आहेत.

रेल्वेचा उपयोग जरूर करावा. ‘टीईआर’ या प्रादेशिक गाड्यांत सायकल सहसा मोफत नेता येते. काही प्रदेशांत उन्हाळ्यात आरक्षण लागते. ‘टीजीव्ही’ या वेगवान गाड्यांपैकी ज्यांत सायकलसाठी जागा आहे, तेथे ती आधी आरक्षित करावी लागते. या जागा थोड्याच असतात आणि सुट्ट्यांत लवकर संपतात.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वत:च सुट्टीवर असतात. मार्ग गजबजतात आणि दक्षिणेत ऊन कडक असते. खेड्यांत दुपारी दुकाने बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर अनेकदा दिवसभर. त्यामुळे सकाळीच ब्रेड, चीज, फळे घेऊन ठेवावीत. शाकाहारींनी तर पर्यायी शिदोरी बाळगावीच. पाणी संपले तर फ्रेंच सायकलस्वार गावाच्या स्मशानभूमीतील नळ शोधतात. ‘पिण्यायोग्य नाही’ असा फलक नसल्याची खात्री मात्र करून घ्यावी. ल्वार नदी शांत दिसली तरी तिच्यात पोहायला उतरू नये. वाळू सरकते आणि प्रवाह फसवा असतो. आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावावा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ९०० किमीचा अख्खा मार्ग डोळ्यांसमोर ठेवू नये. ब्ल्वा ते तूर, क्लुनीच्या आसपासचा जुना रेल्वेमार्ग किंवा गारॉन कालव्याचा एखादा टप्पा, असा तीन दिवसांचा तुकडा निवडावा आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे ना, हे पाहावे.

पुढे काय?

फ्रान्सने गेल्या तीन दशकांत जे केले, त्यातील बांधकामाचा भाग तुलनेने सोपा होता. चढ आधीच कापलेले होते, जमीन बहुतांश सार्वजनिक होती. आता जे उरले आहे ते अवघड आहे: शहरांच्या वेशीवरचे चौक, अपुरे पूल, खासगी जमिनी आणि बांधलेल्या मार्गांची देखभाल. डांबराला भेगा पडतात, मुळे वर येतात, फलक झिजतात. उद्घाटनाला फीत कापली जाते. दुरुस्तीसाठी दरवर्षी तरतूद करावी लागते. केंद्राचा निधी आटला असताना ही तरतूद प्रदेश आणि जिल्हे कितपत करतात, यावर या जाळ्याचे भवितव्य ठरेल. तोपर्यंत तेथे जाणाऱ्याने मार्गाच्या जाहिरातीतील एकूण किलोमीटर न पाहता, आपल्यासोबतच्या सर्वात नवख्या सायकलस्वाराला त्यातला सर्वात वाईट किलोमीटर झेपेल का, हे पाहून आखणी करणे शहाणपणाचे.